घरून काम : देखरेखीचा प्रश्न आला कुठून?

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि पुण्याची हिंजवडी-खराडीची आयटी पार्क्स काही दिवसांत ओस पडली. कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्यांपुढे तर नियमांचीच अडचण होती. कर्मचाऱ्याला घरून काम द्यायचं तर दूरसंचार विभागाच्या अटी पाळाव्या लागत, त्यात अनामत रक्कमही भरावी लागे. सरकारनं त्याच महिन्यात त्या अटी तात्पुरत्या सैल केल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये बहुतेक अटी काढूनच टाकल्या. मग मॅनेजर मंडळींना एकच चिंता लागली. समोर नसलेला माणूस खरंच काम करतोय, हे कळणार कसं?

हा प्रश्न जणू लॅपटॉपबरोबरच घरात आला, असं तेव्हा बोललं जात होतं. पण महाराष्ट्रात तो कितीतरी आधीपासून होता, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयात खटलेही लढले गेले होते. ते खटले विडी कामगारांचे.

सोलापूर, सिन्नर, संगमनेर, नगर या भागांत घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा घ्यायचा. पानं भिजवून पत्र्याच्या साच्यानं कापायची, विडी वळायची, बांधायची, कट्टे करून शाखेत नेऊन द्यायचे. मजुरी हजार विड्यांमागे. बाई पहाटे बसली की रात्री, मध्ये स्वयंपाक केला की नाही, हे मालक विचारत नाही. तो विचारतो ते शाखेत, माल तपासताना. न पटलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात, त्याला म्हणतात छाट. छाटीत गेलेल्या विड्यांची मेहनत अनेकदा बाईच्याच अंगावर पडते. पानं कमी किंवा खराब निघाली तर पदरचे पैसे घालून आणायची, तेही तिनंच.

मालकांचा युक्तिवाद असा, की आमची यांच्यावर देखरेखच नाही, मग हे आमचे कामगार कसे? नागपूरच्या एका विडी कारखान्याच्या खटल्यात हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तिथले कामगार कारखान्यात बसत, पण हवं तेव्हा येत-जात. न्यायालयानं म्हटलं, काम इतकं साधं आहे की सतत डोक्यावर उभं राहायची गरज नाही. शेवटी माल नाकारायचा अधिकार हातात आहे, तेवढं नियंत्रण पुरे. पुढे १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आला. त्यानं घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानलं आणि कच्चा माल, छाट व छाटीची मजुरी यांवरून होणारे वाद सोडवायची सोयही करून ठेवली. मालकांनी त्याला आव्हान दिलं, पण १९७४ मध्ये न्यायालयानं तो उचलून धरला. १९८५ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या खटल्यातही घरच्या विडी कामगारांच्या बाजूनं निकाल लागला, तोही छाटण्याच्या अधिकाराचाच आधार घेऊन.

आजच्या कुठल्याही एचआर परिषदेतल्या भाषणापेक्षा मला हे निकाल महत्त्वाचे वाटतात. काम तासांवर मोजायचं की तयार मालावर, आणि तयार मालावर मोजायचं तर तो पास-नापास कोण ठरवणार, हा सगळा वाद त्यांत आहे.

संगणकाच्या क्षेत्रात घरून काम रुजवलं ते ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली यांनी. १९६२ मध्ये अवघ्या ६ पौंडांच्या भांडवलावर त्यांनी प्रोग्रॅमिंगची कंपनी काढली. लग्न किंवा बाळंतपणामुळे नोकरी सुटलेल्या, पण कामात तरबेज असलेल्या बायकांना त्यांनी घरी काम दिलं. बाईच्या सहीच्या पत्रांना उत्तरं येईनात, म्हणून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या. फोनवर घरातले आवाज जाऊ नयेत म्हणून टाइपरायटरच्या टकटकीची टेप लावून ठेवत. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग याच बायकांनी आपापल्या घरी बसून केलं. ग्राहकाला तासांचा हिशोब न देता त्या पूर्ण कामाची ठरावीक किंमत सांगत. त्यामुळे कोण कुठे बसून किती वाजता काम करतंय, हा प्रश्नच उरत नसे.

अमेरिकेत १९७३ मध्ये संशोधक जॅक नाइल्स यांनी हाच विषय वाहतुकीच्या अंगानं मांडला. माणसं कामाकडे नेण्यापेक्षा काम माणसांकडे न्यावं, पेट्रोल आणि रस्ते दोन्ही वाचतील. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं आणि लोकांनी ते कान देऊन ऐकलं. पुढे आयबीएमनं हजारोंना घरून काम करू दिलं आणि २०१७ मध्ये अनेकांना कार्यालयात परत बोलावलं. याहू कंपनीनं २०१३ मध्येच घरून काम बंद केलं होतं.

दाव्यांपलीकडचा पुरावा मिळाला तो चीनमध्ये. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीनं २०१० च्या अखेरीस कॉल सेंटरच्या इच्छुक कर्मचाऱ्यांचे दोन गट केले. जन्मतारीख सम असेल तो आठवड्यातले चार दिवस घरी, विषम असेल तो कार्यालयात. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांचे आकडे तपासले. घरच्या गटाची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली होती. त्यातला मोठा वाटा सुट्ट्या आणि मधली उठबस कमी झाल्याचा, उरलेला घरच्या शांततेचा. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाणही निम्म्यावर आलं.

या प्रयोगाचा तेवढाच आकडा सगळे सांगतात, म्हणून बाकीचंही नोंदवतो. भाग घ्यायला घरी ब्रॉडबँड आणि स्वतंत्र खोली असणं ही अटच होती. वन बीएचकेमध्ये सासू-सासरे, शाळेचं पोर आणि दोन मीटिंगा एकाच वेळी चालवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या घरांना तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय प्रयोग संपल्यावर घरच्या गटातले जवळपास निम्मे लोक, मुख्यतः एकटेपणाला कंटाळून, कार्यालयात परतले. आणि तेवढंच काम करूनही घरी बसणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या. नजरेआड असलेला माणूस साहेबाच्या लक्षात राहत नाही, हे तिथेही खरं ठरलं.

कोविडनंतर अनेक कंपन्यांनी माउसची हालचाल मोजणारी आणि ठरावीक वेळानं स्क्रीनचे फोटो काढणारी सॉफ्टवेअर लावली. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं केलेल्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले की आमचं काम नीट चाललंय. ८५ टक्के वरिष्ठांना मात्र, काही दिवस घरून आणि काही दिवस कार्यालयातून चालणाऱ्या पद्धतीत लोक नीट काम करतात याचा भरवसा वाटणं कठीण जात होतं. माउस मोजून हा भरवसा येईल असं मला वाटत नाही. सोमवारी काम नीट समजावून द्यावं, शुक्रवारी काय हातात हवं ते ठरवावं, अडलं तर कुणाला फोन करायचा ते सांगावं आणि आठवड्यातून एक-दोन दिवस सगळ्यांनी एकत्र बसावं. शर्लींच्या कंपनीपासून सीट्रिपपर्यंत जिथे घरचं काम नीट चाललं, तिथे यातलंच काही ना काही होतं.

पण केवळ तयार कामावर मोजमाप आलं की छाटही येते. विडी वळणाऱ्या बाईला छाटीविरुद्ध दाद मागायची वाट निदान कायद्यानं १९६६ मध्ये दिली, भले ती प्रत्यक्षात कितीही अवघड असो. घरून काम करणाऱ्या आयटीतल्या मुलीचं काम रेटिंगमध्ये खाली ढकललं गेलं, तर तिच्याकडे मॅनेजरला ईमेल करण्यापलीकडे फारसं काही नसतं.