इंदूरच्या दवाखान्यांत सिगारेट सोडवण्याची सोय : पार्श्वभूमी

फॅमिली डॉक्टरच्या सल्ल्याचं मोल १९७९ मध्येच मोजलं गेलं. लंडनच्या पाच दवाखान्यांतल्या २८ डॉक्टरांनी काही रुग्णांना 'सिगारेट सोडा' असं सांगितलं, पत्रक दिलं, पुन्हा चौकशी करू असंही बजावलं. त्यांच्यापैकी ५.१ टक्के लोक वर्षभर सिगारेटपासून दूर राहिले. ज्यांना कोणी काहीच सांगितलं नाही, त्यांच्यात हे प्रमाण ०.३ टक्के होतं.

आपल्याकडे २००२ मध्ये सुरुवात झाली ती तंबाखू सोडवणाऱ्या मोजक्या १३ केंद्रांपासून. इंदूरच्या रामबागेतला माणूस खोकला झाला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो, आणि सोय मात्र दूर कुठेतरी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत, डॉक्टरकडे जाऊन आलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांनाच सोडण्याचा सल्ला मिळाला होता. २०१६ मध्ये तंबाखू सोडण्यासाठी मोफत हेल्पलाइन आली, २०१८ पासून तिचा नंबर पाकिटावर छापला जाऊ लागला.

खरा वाद सिगारेट सोडताना तलफ भागवणाऱ्या निकोटीनच्या च्युइंगगमचा. २ मिलिग्रॅमचा गम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळेल, ४ मिलिग्रॅमच्या गमला चिठ्ठी लागेल, असा निर्णय झाला. औषध सहज मिळावं हा हेतू चांगलाच होता, पण त्यात डॉक्टर बाजूला पडला. हा गम नेहमीसारखा चघळायचा नसतो. दोन-चारदा चावून तो गालाशी धरून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. वर चहा प्यायला तर निकोटीन नीट शोषलं जात नाही, आणि इंदुरात सकाळी पोह्यांबरोबर चहा असतोच. जाग आल्यावर अर्ध्या तासात पहिली बिडी पेटवणाऱ्याला २ मिलिग्रॅम बहुधा अपुरंच पडतं. हे काउंटरवर कोण सांगणार? माणूस तीन-चार दिवस चघळतो, 'काही उपयोग नाही' म्हणतो आणि पुन्हा ओढू लागतो. गमचा पूर्ण कोर्स तर साधारण बारा आठवड्यांचा असतो. चिठ्ठीची अट नसली तरी सल्ल्याची सोय हवीच होती, असं माझं ठाम मत आहे. २०२२ मध्ये निकोटीनची ही औषधं आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आली, हे उशिरा का होईना, योग्यच झालं.

दरम्यान २०१८ पासून आरोग्य केंद्रांचा नवा टप्पा सुरू झाला. आशाताई घरोघरी जाऊन तिशीवरच्यांचा, मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका गुणांत मोजणारा तक्ता भरू लागल्या. त्यात रोज तंबाखू घेणाऱ्याला २ गुण, आणि एकूण गुण ४ च्या वर गेले की तपासणीला प्राधान्य. पस्तिशीतला, सडपातळ, अंगमेहनत करणारा, घरात मधुमेह-रक्तदाब नसलेला माणूस रोज बंडलभर बिड्या ओढत असला, तरी दोनावरच थांबतो. सोडवण्याची मदत सगळ्यात आधी त्यालाच मिळायला हवी.