गळती सापडत नाही, मग भोंगा का वाजतो?

मोटारीमागे जोडून ओढत न्यायच्या घरात, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, गॅस डिटेक्टर जमिनीलगत बसवलेला असतो. जागा विचित्र वाटते, पण ती मुद्दाम निवडलेली आहे. शेगडी आणि हीटर ज्यावर चालतात तो प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. गळला की तो खाली साचत जातो. हवेतलं त्याचं प्रमाण 2.1 टक्क्यांवर पोचलं की एक ठिणगी पुरते. डिटेक्टरने या मर्यादेच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत जायच्या आतच बोंब मारायची असते.

म्हणून भोंगा वाजला की तो आधी खराच मानायचा. पेटती शेगडी बंद करायची, दारं-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर पडायचं, विजेच्या कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही आणि बाहेरून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. 'वास तर येत नाही' या समाधानाला अर्थ नाही, कारण नाकाला वासाची सवय फार लवकर होते. आत हवा खेळती झाली, की मग साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड तपासायचा. बुडबुडे आले तर चोर सापडला.

नाही आले तर? इथे डिटेक्टरचा स्वभाव कळून घ्यावा लागतो. बहुतेक स्वस्त डिटेक्टरांच्या पोटात टिन ऑक्साइडचा एक बारीक तुकडा असतो. असा सेन्सर जपानच्या नाओयोशी तागुची यांनी 1962 साली पुढे आणला. हा तुकडा काहीशे अंश तापमानाला सतत तापता ठेवतात. त्याच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडवून धरतो, त्यामुळे वीज अडखळत वाहते. जळू शकणारा वायू आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि विजेचा अडथळा घटतो. भोंगा वाजतो तो या घटीवर.

म्हणजे हे यंत्र प्रोपेनला नावानिशी ओळखतच नाही. केसांचा स्प्रे, अत्तर, हात पुसायचं सॅनिटायझर, काच साफ करायचं द्रावण, कढईत उडवलेली वाइन, सगळं त्याला सारखंच. नवा ट्रेलर उन्हात बंद राहिला की प्लायवूडच्या आणि गालिच्याच्या गोंदाची वाफ आत कोंडते, तिलाही ते दाद देतं. अशा वेळी काय वाजलं यापेक्षा केव्हा वाजलं ते टिपून ठेवावं. अंघोळीनंतर? फरशी पुसल्यावर? की ट्रेलर बाहेरच्या विजेला जोडून बॅटरी चार्जिंगला लागल्यावर?

शेवटचं उत्तर 'हो' असेल तर गंमत संपली. बारा व्होल्टच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. चार्जर साधारण 14.4 व्होल्ट देतो, म्हणजे कप्प्यामागे 2.4. त्यातला एक कप्पा आतून शॉर्ट झाला तर तेवढाच दाब उरलेल्या पाचांवर येतो, कप्प्यामागे जवळजवळ 2.9 व्होल्ट. आतल्या पाण्याचं जोरात विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. टिन ऑक्साइडला तो चांगलाच जाणवतो. इतकंच नाही, कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरमधला विद्युत-रासायनिक सेन्सरही त्याला फसतो. दोन्ही भोंगे एकदम वाजतात आणि माणूस हीटरच्या मागे लागतो. भरीस भर, जास्त चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. त्याचा सडक्या अंड्याचा वास प्रोपेनमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनच्या जवळचा, कारण गंधक दोघांतही आहे. मग नळ्या पुन्हापुन्हा तपासल्या जातात आणि बॅटरीच्या पेटीचं झाकण कोणी उघडत नाही. अशा वेळी सगळ्यांना बाहेर काढून आधी बाहेरून येणारी वीज तोडून चार्जिंग थांबवावं. बॅटरीच्या तारा मात्र लगेच ओढू नयेत, ठिणगी पडते. हायड्रोजन 4 टक्क्यांवर पेट घेतो. या भोंग्याला खोटा म्हणणं मला तरी जमत नाही.

पहाटे तीनला मिनिटा-दीड मिनिटाने एकच बारीक 'पीप' येत असेल, तर ते प्रकरण वेगळं. हीटरचा पंखा रात्रभर बॅटरी पितो, व्होल्टेज उतरतं आणि डिटेक्टर तक्रार करतो. अखंड कर्कश भोंगा म्हणजे वायू, अधूनमधून पीप म्हणजे वीज किंवा वय. नेमकी खूण कंपनीगणिक बदलते, ती माहितीपत्रकात मिळते.

वयाचा मुद्दा लोक टाळतात. सेन्सर साधारण 5 ते 7 वर्षं टिकतो, नंतर तो उगाच वाजतो किंवा, त्याहून वाईट, वाजायचा थांबतो. सिलिकॉन असलेल्या पॉलिशची आणि स्प्रेची वाफ त्याच्या पृष्ठभागावर थर धरते आणि तो वेळेआधीच बहिरा होतो, म्हणून डिटेक्टर पुसायला नुसतं कोरडं फडकं किंवा मऊ ब्रश पुरे. टेस्टचं बटण दाबून निर्धास्त होऊ नये. पुष्कळ उपकरणांत त्याने फक्त भोंगा आणि सर्किट तपासलं जातं, सेन्सरला वायू कळतो का हे नाही. त्यापेक्षा दोन स्क्रू काढून डिटेक्टर उलटा करावा. बनवल्याची किंवा बदलण्याची तारीख बहुधा मागच्या बाजूला छापलेली असते.