तोंडीचे वीस गुण

दहावीचा निकाल लागला की 'कोकण पुन्हा अव्वल' हा मथळा ठरलेला. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा विभाग कोल्हापूरपासून वेगळा होऊन 2012 ला पहिली परीक्षा झाली, तेव्हापासूनची ही सवय. (निकालातलं 'कोकण' म्हणजे हे दोनच जिल्हे. अलिबाग-मुरुडची मुलं मुंबई विभागात मोजतात.)

घोळ आहे तो 'अंतर्गत मूल्यमापन' या शब्दाचा. शिक्षकांच्या बोलण्यात त्याला 'तोंडीचे वीस' म्हणतात. भाषा आणि सामाजिक शास्त्रांना लेखी 80, शाळेच्या हातात 20, दोन्ही मिळून 35 ला पास. शाळेने वीसपैकी वीस दिले की लेखीत 15 पुरतात. शाळा हात सैल सोडतात, म्हणून 2018-19 ला हे वीस गुण काढले. मार्च 2019 ला राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला, कोकणचा 96 वरून 88.38 वर.

पुस्तकंही त्याच वर्षी बदलली होती, म्हणून दोष त्यांच्यावर गेला. पण अकरावीच्या प्रवेशात इतर मंडळांच्या मुलांचे अंतर्गत गुण धरतात, आमची मुलं मागे पडतात, अशी ओरड झाली आणि वीस गुण परत आले. 2020 ला पुस्तकं तीच, राज्य 95.30, कोकण 98.77! भूगोलाचा पेपर टाळेबंदीत रद्द होऊन सरासरी गुण मिळाले हे खरं, पण एका पेपरने एवढी उडी पडत नाही.

तोंडी मीही घेतली आहे, देवगडकडच्या एका शाळेत. एका मुलाने रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कशी लावतात, दोर कोण धरतो, मासळीचे वाटे कसे पडतात हे मालवणीत सुरू करून मध्येच जीभ सावरत पुस्तकी मराठीत सांगितलं. त्याला 18 दिले. लेखीत तो काठावर सुटला. त्याच्यामागून आलेला मुलगा तोंडातून शब्द काढीना. त्याला 17 दिले, कारण शाळेचा निकाल सांभाळायचा होता.

2021 ला लेखी झालीच नाही, सगळे गुण शाळांनी दिले. कोकणचा निकाल 100 टक्के लागला.