‘८८ टक्के अपघात कामगारांच्याच चुकीने’? जरा थांबा

मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात हा फॉरवर्ड हमखास येतो. आकडा १९३१ च्या एका अमेरिकी पुस्तकातला. विम्याचे दावे आणि मालकांच्या नोंदी वाचून काढलेला. त्यात कामगाराची बाजू कुठून येणार?

वर्तन-विश्लेषण, म्हणजे माणूस असं का वागतो हे तपासणारं शास्त्र, दोषी शोधत नाही. कृतीच्या आधी काय घडतं, नंतर लगेच काय मिळतं, ते बघतं. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतलं एखादं शेड घ्या. मे महिना, पारा ४५ वर. ग्राइंडरवरचा माणूस गॉगल कपाळावर सरकवतो, कारण घामानं काच धुरकटते. काढला की काम लगेच स्पष्ट दिसतं. डोळ्यात कण जातो तो एखाद्याच दिवशी.

पडताळायचंय? आठवडाभर, नावं न लिहिता, गॉगल घातलेले मोजा. मग धुरकट न होणारे गॉगल द्या, कूलर तिकडे वळवा, पुन्हा मोजा. माणसं तीच ठेवा, बरं का. आकडा वाढला, तर अडचण माणसांत नव्हती, परिस्थितीत होती.