जीर्ण शीतपित्त आणि जठरातील जंतुसंसर्ग

अंगावर लालसर, खाजऱ्या गांधी वारंवार उठत राहणे आणि हा त्रास सहा आठवड्यांहून अधिक टिकणे, याला जीर्ण शीतपित्त म्हणतात. एक गांध बहुधा २४ तासांत मावळते, तोवर दुसरीकडे नवी उठलेली असते. त्वचेतील मास्ट पेशींतून (प्रतिकारयंत्रणेच्या पेशी) सुटणारे हिस्टामीन हे खाज व सूज आणणारे रसायन गांधींचे निकटचे कारण. पण त्या पेशी कशाने चेतवल्या जातात, हे अनेक रुग्णांत उलगडत नाही. १९९० नंतरच्या काळात संशय हेलिकोबॅक्टर पायलोरी या सर्पिल जंतूवर गेला.

रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी हा जंतू १९८२ मध्ये पर्थ येथे प्रथम वाढवला (नोबेल पारितोषिक, २००५). युरिएज या वितंचकाच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने तो भोवती अमोनिया निर्माण करतो आणि जठराच्या आम्लात तग धरतो. जठरशोथ व पेप्टिक व्रण यांच्याशी त्याचा कार्यकारणसंबंध सिद्ध आहे. त्वचेबाबत तसे म्हणता येत नाही.

एका मतानुसार, जंतूच्या आवरणावरील ल्यूइस प्रतिजने (प्रतिकारयंत्रणा ओळखते ते रेणू) मानवी पेशींवरील प्रतिजनांसारखी असल्याने त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) शरीरावरच उलटतात. जीर्ण शीतपित्ताच्या काही रुग्णांत आयजीई (मास्ट पेशींना चेतवणारे प्रतिपिंड) किंवा पेशीवरील त्याच्या ग्राहीविरुद्ध स्वप्रतिपिंडे, म्हणजे स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडे, सापडतात, एवढा या मताला आधार. ती या जंतूमुळेच तयार होतात हे मात्र दाखवता आलेले नाही. दुसऱ्या मतानुसार, दाहामुळे जठराचे अस्तर सैल होऊन अन्नातील प्रथिने रक्तात उतरतात आणि मास्ट पेशींना चेतवतात. पहिले मत अधिक संभाव्य वाटते.

पुरावा विस्कळीत आहे. जगातील सुमारे निम्म्या लोकसंख्येत हा जंतू आढळत आल्याने रुग्णात तो सापडणे फारसे बोलके नाही. जंतू नष्ट झालेल्यांत गांधी जाण्याचे प्रमाण अधिक असल्याचे २००३ मधील एका आढाव्यात दिसले. २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात जंतुनाशक उपचाराचा लाभ दिसला, पण जंतू गेला की राहिला याने लक्षणीय फरक पडला नाही. शिवाय हा विकार कित्येकदा आपोआप शमतो.

मराठीत आंबट ढेकर आणि अंगावरील गांधी या दोहोंना ‘पित्त’च म्हणतात, त्यावरून हा संबंध पूर्वजांना ठाऊक होता असे कधीकधी सुचवले जाते. ते ग्राह्य वाटत नाही. माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथात (सुमारे सातवे-आठवे शतक) शीतपित्ताचे कारण म्हणून थंड वाऱ्याचा स्पर्श सांगितला आहे, जठर नव्हे.

उपचारात गुंगी न आणणारी हिस्टामीनरोधके प्रथम, ती अपुरी पडल्यास ओमॅलिझुमॅब हे आयजीईला रोखणारे इंजेक्शन. जंतूची तपासणी सरसकट केली जात नाही. पोटाच्या तक्रारी असल्यास करतात.