अमायलॉइड-शोधक, अनुस्फुरक

अल्झायमर विकारात मेंदूतील पेशींच्या बाहेर बीटा-अमायलॉइड प्रथिनाचे प्लाक, म्हणजे घट्ट साके, साचतात. या प्लाकांना चिकटून प्रकाश देणाऱ्या लहान कार्बनी रेणूंना अनुस्फुरक अमायलॉइड-शोधक म्हणतात. एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून त्याहून अधिक तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ तत्काळ बाहेर टाकणे म्हणजे अनुस्फुरण. शोधक नुसता तेजस्वी असून भागत नाही. मोकळा असताना तो विझलेला असावा आणि प्लाकावर बसताच पेटावा, नाहीतर सगळी पार्श्वभूमीच उजळते आणि प्लाक हरवतो.

‘अमायलॉइड’ म्हणजे पिष्टासारखे. हा शब्द मुळात वनस्पतिशास्त्रातला. वैद्यकात तो रूडोल्फ फिरखो यांनी 1854 मध्ये आणला, कारण मज्जासंस्थेतील काही कण आयोडिनाने रंगतात असे त्यांना दिसले. 1859 मध्ये फ्रीडराइख व केकुले यांनी हे साके पिष्टमय नसून प्रथिनासारखे असल्याचे दाखवले, तरी नाव टिकले. आलोइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये आपल्या रुग्णाच्या मेंदूतील बदल चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहिले होते. कापड रंगवण्याचा काँगो रेड 1922 मध्ये बेनहोल्ड यांच्यामुळे अमायलॉइडाची कसोटी ठरला. या रंगाने माखलेले साके ध्रुवित प्रकाशात हिरवट चमकतात, हे डिव्ह्री यांचे निरीक्षण 1927 चे. अनुस्फुरणाचा खरा वापर मात्र 1959 मध्ये व्हॅसार व कलिंग यांनी थायोफ्लेविन-टी हे पिवळे रंगद्रव्य वापरले तेव्हापासून धरणे योग्य. प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम कळायला 1984 उजाडले (ग्लेनर व वाँग). म्हणजे रंग आधी आले आणि ते कशाला चिकटतात याचे ज्ञान पुष्कळ नंतर.

थायोफ्लेविन-टी का उजळते, यावर मतभेद आहेत. या रेणूत बेंझोथायाझोल आणि डायमिथिलॲनिलीन असे दोन भाग एकाच कार्बन-कार्बन बंधाने जोडलेले असतात. पाण्यात हे भाग त्या बंधाभोवती मुक्तपणे फिरतात. प्रकाश शोषून उद्दीपित झालेला रेणू पिळला जातो आणि ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेच्या रूपाने गमावतो. प्लाक ज्या प्रथिन-धाग्यांचा बनतो त्यांना तंतुक म्हणतात. तंतुकातील बीटा-पत्रांमध्ये प्रथिनाच्या पट्ट्या सुमारे 0.47 नॅनोमीटर अंतराने रचलेल्या असतात आणि त्यांच्या पार्श्वशाखांमुळे तंतुकाच्या लांबीला समांतर अशा खाचा तयार होतात. अशा खाचेत अडकलेल्या रेणूला पिळायला जागा उरत नाही आणि ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. 2005 मध्ये मांडलेल्या दुसऱ्या मतानुसार रेणू सुटे न बसता मायसेलांच्या, म्हणजे अनेक रेणूंच्या लहान गोळ्यांच्या, स्वरूपात तंतुकावर बसतात. दोन रेणू जोडीने बसत असावेत असेही एक मत आहे. ग्लिसरॉलसारख्या दाट द्रवात कोणताही तंतुक नसताना थायोफ्लेविन-टी उजळते, ही गोष्ट ‘फिरत्या रेणू’च्या स्पष्टीकरणाला अधिक बळ देते. आज बहुतेक नव्या शोधकांची आखणी याच कल्पनेवर होते.

प्रयोगशाळेत हा फरक चांगलाच दिसतो. थायोफ्लेविन-टीच्या फिकट पिवळ्या द्रावणात बीटा-अमायलॉइड मिसळून 450 नॅनोमीटरचा प्रकाश सोडला, की आरंभी 482 नॅनोमीटरजवळ फारसे काही नोंदले जात नाही. पुढे तंतुकांचे बीज धरते, आलेख एकाएकी चढतो आणि शेवटी सपाट होतो. ही इंग्रजी ‘एस’सारखी रेषा औषधांच्या चाचण्यांत रोजची झाली आहे. येथे एक सावधगिरी हवी. कर्क्युमिनासारखी रंगीत संयुगे स्वतः प्रकाश शोषतात किंवा थायोफ्लेविनाची जागा घेतात. रेषा खाली आली म्हणजे तंतुक थांबले, असा निष्कर्ष तेवढ्यावर काढू नये.

जिवंत मेंदूत मात्र थायोफ्लेविन-टी निरुपयोगी ठरते, कारण त्याच्यावरील धन विद्युतभार त्याला रक्त-मेंदू रोधक, म्हणजे रक्तातील बहुतेक पदार्थ मेंदूत जाऊ न देणारा अडसर, ओलांडू देत नाही. क्लंक व मॅथिस यांनी पिट्सबर्गमध्ये हा भार काढून टाकला आणि त्यातून ‘पिट्सबर्ग संयुग-बी’ साकारले. ते वापरले जाते पेट-चित्रणात (किरणोत्सारी अणूंच्या आधारे शरीराच्या आतले चित्र घेण्याच्या पद्धतीत), किरणोत्सारी कार्बन-11 जोडून. 2004 च्या पहिल्या अहवालात सौम्य अल्झायमरचे 16 रुग्ण व 9 निरोगी व्यक्ती होत्या. काँगो रेडच्या घराण्यातील मेथॉक्सी-एक्स04 (2002) उंदरांच्या मेंदूत द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने प्लाक दाखवतो.

निळा-हिरवा प्रकाश ऊतकात फार खोल जात नाही. म्हणून सुमारे 650 ते 900 नॅनोमीटरच्या पट्ट्यात चमकणारे रेणू हवेत. त्यासाठी रेणूच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा व दुसऱ्या टोकाला घेणारा गट ठेवून मधली संयुग्मी (एकाआड एक दुहेरी बंधांची) साखळी लांबवतात. साखळी लांबली की रेणू जड व तेलकट होतो, रक्तातील प्रथिनांना चिकटतो आणि मेंदूपर्यंत पोचतच नाही. आखणीतला खरा पेच हाच. आपल्या हळदीतील कर्क्युमिन येथे उपयोगी पडले. त्याच्या सांगाड्यावर बोरॉन-डायफ्लुओराइड गट बसवून आणि टोके बदलून 2009 मध्ये क्रॅनॅड-2 घडवले गेले. प्लाकाला बांधल्यावर त्याचे अनुस्फुरण सुमारे 70 पट वाढते आणि उत्सर्जन 805 वरून 715 नॅनोमीटरकडे सरकते. स्वीडनमधील लिंकोपिंगच्या थायोफीनयुक्त (गंधक असलेल्या वलयांच्या) साखळ्यांची तऱ्हा निराळी आहे. साखळी ज्या साच्यात बसते तशी वळते व रंग बदलते, त्यामुळे साक्यांचे प्रकार ओळखता येतात. भारतात बंगळूरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात टी. गोविंदराजू यांच्या गटाने या विषयावर काम केले आहे.

माणसाच्या कवटीतून अनुस्फुरणाचा प्रकाश पुरेसा बाहेर येत नाही. त्यामुळे हे शोधक मुख्यतः उंदीर, ऊतकछेद आणि परीक्षानळी यांपुरते आहेत. नेत्रपटलातील साके पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत. ऊतकछेदातही वृद्ध चेतापेशींतील लिपोफ्युसिनाचे पिवळसर कण आपोआप चमकतात. म्हणून प्रत्येक छेदासोबत शोधक न घातलेला एक छेद सूक्ष्मदर्शकाच्या त्याच प्रकाश-गाळणीखाली पाहावा लागतो.