कोषात माशी झोपलेली नसते

कोष ही कीटकाची विश्रांतीची अवस्था, असे आपण शाळेत पाठ केलेले असते. कोष खात नाही, जागचा हलत नाही, म्हणजे तो आराम करत असणार, असा त्यामागचा तर्क. प्रत्यक्षात फळमाशीच्या कोषात चार-पाच दिवसांत अळीचे बहुतेक स्नायू मोडीत निघतात, पंख, पाय, डोळे घडतात आणि मेंदूची जोडणी बदलते. याला विश्रांती म्हणणे मला पटत नाही. उलट सदानकदा खाताना दिसणारी अळीच खरोखर झोपते.

कीटकांच्या दिनक्रमाचे जनुक सापडले तेही कोषामुळे. फळमाश्या साधारण पहाटेच्या सुमारास कोष फोडतात. ती वेळ हुकली, तर तयार झालेली माशीही दुसऱ्या पहाटेपर्यंत आतच थांबते. कायम अंधारात ठेवले तरी हा ताल टिकतो. रोनाल्ड कोनोप्का आणि सिमोर बेन्झर या शास्त्रज्ञांनी रसायनाने जनुकांत बदल घडवून ताल बिघडलेल्या माश्या शोधल्या. १९७१ मध्ये त्यांनी असे तीन वाण जाहीर केले : एकाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तर तिसऱ्याला तालच नाही. तिन्ही बिघाड एक्स गुणसूत्रावरच्या एकाच जनुकात होते. त्याला ‘पिरियड’ असे नाव मिळाले.

हे जनुक वेळ कसे मोजते, हा माझ्या सर्वात आवडीचा भाग. ‘क्लॉक’ आणि ‘सायकल’ ही प्रथिने पिरियड जनुक चालू करतात. जनुकाची आरएनए प्रत निघते, तिच्यावरून पेशीद्रवात पिरियड प्रथिन बनते. पण ते लगेच साठत नाही, कारण ‘डबलटाइम’ नावाचे विकर त्याला फॉस्फेट जोडून नाशाच्या वाटेला लावते. रात्री ‘टाइमलेस’ हे जोडीदार प्रथिन पुरेसे साठले, की पिरियड तगते. मग दोघे केंद्रकात शिरतात आणि क्लॉक-सायकलला रोखतात, म्हणजे पिरियड स्वतःचेच जनुक बंद पाडते. सकाळी उजेडाने टाइमलेस नष्ट होते, पाठोपाठ पिरियडही संपते आणि जनुक पुन्हा चालू होते. सगळी करामत त्या विलंबात आहे. विलंब नसता, तर प्रथिनाची पातळी एका जागी स्थिरावली असती आणि ताल उरलाच नसता. या उलगड्यासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

याच शोधाचा आधार घेऊन लाळेच्या एका चाचणीवरून ‘तुमचे झोपेचे जनुक’ सांगण्याच्या जाहिराती केल्या जातात. माणसाच्या झोपेवर जनुकसंचातल्या शेकडो जागांचा थोडाथोडा प्रभाव असतो. एका जनुकावरून भविष्य सांगणे हे पत्रिका पाहण्यासारखेच आहे.

आता अळीकडे वळू. ती स्तब्ध होते, हलक्या स्पर्शाला दाद देत नाही आणि झोप मोडली तर नंतर भरून काढते. अळी वाढीच्या तीन टप्प्यांतून जाते. दुसऱ्या टप्प्यातल्या अळीची झोप मोडली, की मेंदूतल्या मूळपेशींचे विभाजन मंदावते, असे २०१८ मध्ये दिसले. पण त्या वयात तिची झोप दिवसरात्रीला बांधलेली नसते. पिरियड जनुकावर चालणारे घड्याळ मेंदूत आधीपासून चालू असते, फक्त त्याच्या चेतापेशी जागे ठेवणाऱ्या ‘डीएच४४’ चेतापेशींशी जोडलेल्या नसतात. तिसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला ही जोडणी होते, झोपेला ताल येतो, आणि तेव्हाच अळीला दीर्घकालीन स्मृती साधते. तिसऱ्या टप्प्यातल्या अळीला कमी साखरेच्या अन्नावर ठेवले, तर ही जोडणी होत नाही. पोट भरण्यासाठी तिला दिवसरात्र चरावे लागते, आणि तिची झोप तुकड्यातुकड्यांतच राहते.